उगवून आल्यावर मेलेला घास

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातून लिहिते. आमच्याकडे चार गाई आणि एक म्हैस आहे, दूध डेअरीला जातं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात २० गुंठ्यांत लसूणघास केला. बी ५ किलो आणलं, पावती जपून ठेवली आहे. बी फार बारीक, हातात नीट येत नाही, म्हणून अर्धं पोतं डीएपी खत त्यात मिसळून फोकलं आणि पाणी दिलं. उगवण चांगली झाली, फक्त मधे मधे तळहाताएवढे ठिपके मोकळे राहिले. पण तीन आठवडे झाल्यावर १२ गुंठ्यांतला घास पिवळा पडू लागला. आधी खालच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या होतात, मग सगळं रोप वाळतं. तेही सरसकट नाही, पट्ट्यापट्ट्यांनी. बांधाकडेला तर सगळाच गेला. विहिरीजवळचे ८ गुंठे मात्र हिरवेगार आहेत, घास वीतभर झालाय.

विहिरीजवळ पावसाळ्यात मेथी-कोथिंबीर होती, ती आम्ही हातानं खुरपतो. बाकीच्या १२ गुंठ्यांत वैरणीचा मका होता. त्याला जुलैच्या सुरुवातीला ॲट्राझिन हे तणनाशक मारलं होतं. अर्ध्या किलोचा पुडा आणला होता, उरवून काय करायचं म्हणून सगळा संपवला.

आता घरात तीन मतं आहेत. मालक म्हणतात खत कमी पडलं, युरिया टाकू. सासूबाई म्हणतात बी बोगस निघालं. दुकानदार म्हणतो टॉनिक मारा, आणि हिरव्या भागात तण आलंय त्याला सोयाबीनचं तणनाशक चालेल, घास पण शेंगवर्गीयच आहे. मोडून लगेच परत पेरू का? बियाण्याची तक्रार करू का? पिवळा घास गाईंना घातला तर चालेल का?

— एक वाचक, मोहोळ

उत्तर:

ताई, युरियाचं पोतं शिवलेलंच राहू द्या, टॉनिकचे पैसे खिशात राहू द्या आणि हिरव्या ८ गुंठ्यांत पंप घेऊन कोणी जाणार नाही एवढं आजच बघा. ते ८ गुंठे हेच तुमचं यंदाचं घासाचं भांडवल आहे.

तुमचं पत्र मला आवडलं, कारण त्यात रोपं कधी गेली आणि कशी गेली हे नीट लिहिलंय. बहुतेक पत्रांत एवढंच असतं की घास आला नाही, औषध सांगा. बी रुजलंच नाही, रुजून कोंब जमिनीतच जळाला, की चांगलं वर येऊन तीन आठवड्यांनी वाळलं, या तिन्हींची कारणं वेगळी असतात आणि उपायही वेगळे. तुमच्या रानात यातल्या दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या आहेत, म्हणून घरात तीन मतं झाली.

सासूबाईंचं मत आधी बघू, कारण ते सगळ्यांत लवकर निकाली निघतं. एकाच पिशवीतलं बी विहिरीजवळही पडलं आणि मक्याच्या रानातही. दोन्हीकडे उगवलं. बी जुनं किंवा खराब असतं, तर विहिरीजवळही विरळ उगवलं असतं. तेव्हा बियाण्याची तक्रार करू नका, टिकणार नाही. पावती आणि पिशवीवरची खूणचिठ्ठी मात्र हंगाम संपेपर्यंत ठेवा, ती सवय चांगली आहे.

तळहाताएवढे मोकळे ठिपके डीएपीचे आहेत. लसूणघासाच्या एका ग्रॅममध्ये साडेचारशे-पाचशे बिया बसतात, इतकं ते बी लहान. डीएपीचा एक दाणा त्याच्या शेजारी विरघळला की दोन गोष्टी होतात. खताच्या क्षारांमुळे बियाभोवतीचं पाणी बियाला ओढता येत नाही, आणि आपल्या चुनखडीच्या, विम्ल जमिनीत डीएपीतल्या नत्राचा काही भाग अमोनिया वायू होतो. तो कोवळ्या मुळाच्या टोकाला जाळतो. मका-ज्वारीचं मोठं बी हे थोडंफार सोसतं, घासाचं सोसत नाही. युरिया मिसळला असता तर याहून वाईट झालं असतं, कारण युरियातून अमोनिया अधिक सुटतो. बारीक बी फोकायला सोपं जावं म्हणून काहीतरी मिसळावं लागतं हे खरं, पण ती कोरडी वाळू किंवा चाळलेली माती असावी. खत पेरणीच्या आधी कुळवाच्या पाळीनं मातीत मिसळून टाकावं, किंवा ओळीत पेरत असाल तर बियाच्या खाली किंवा बाजूला, मधे मातीचा थर ठेवून.

पण या ठिपक्यांनी फारसं बिघडलेलं नाही. २० गुंठ्यांत ५ किलो म्हणजे चौरस मीटरला हजारावर बिया झाल्या. निम्म्या उगवल्या तरी घास दाट होतो. विहिरीजवळ तसंच झालंय, तिथले ठिपके आता भरूनही आले असतील.

खरं नुकसान ॲट्राझिननं केलंय.

हे तणनाशक बी रुजण्यात आडकाठी करत नाही, म्हणून तर सगळे फसतात. मुळांवाटे ते पाण्याबरोबर पानात चढतं आणि पान उन्हावर अन्न तयार करतं ती क्रिया बंद पाडतं. घासाचं रोप पहिले काही दिवस बियातल्या शिदोरीवर जगतं. तोवर हिरवं दिसतं, आपण म्हणतो छान उगवलं. शिदोरी संपून पानांनी कमवायची वेळ आली की रोप उपाशी मरतं. पानाच्या कडेला पाणी सर्वांत जास्त उडतं, तिथं विष साठतं, म्हणून आधी कडा करपतात. आणि जुनी पानं जास्त दिवस पाणी ओढत आलेली असल्यानं सुरुवात खालच्या पानांपासून होते. तुम्ही पत्रात लिहिलेली लक्षणं हीच आहेत. मक्याला काही झालं नाही, कारण मक्याच्या पेशी हे रसायन मोडून निकामी करतात. ज्वारीलाही ते बरंचसं जमतं. घास, चवळी, हरभरा, मेथी यांना जमत नाही.

आता तुमच्या पुड्याचा हिशेब करू. मक्यात ५० टक्क्यांचं ॲट्राझिन एकरी साधारण ४०० ते ८०० ग्रॅम वापरतात. १२ गुंठे म्हणजे एकराचे तीन दशांश, त्याला १२० ते २४० ग्रॅम पुरलं असतं. तुम्ही ५०० ग्रॅम मारलं. एकराच्या हिशेबानं ते सोळाशे ग्रॅमच्या वर गेलं. ॲट्राझिन मातीत निम्मं व्हायला सर्वसाधारणपणे दोन महिने लागतात असं धरतात. जमीन आणि हवामान यांप्रमाणे हा काळ खूप कमीजास्त होतो, पण हिशेबापुरतं धरू. जुलैच्या सुरुवातीचे ५०० ग्रॅम सप्टेंबरात २५० झाले आणि नोव्हेंबरात १२५. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही घास फोकला, त्या दिवशी रानात जवळजवळ ताज्या हलक्या मात्रेएवढं ॲट्राझिन शिल्लक होतं.

आणि दोन महिने हा आकडा आपल्याकडे कमीच पडावा. हे रसायन आम्ल जमिनीत लवकर मोडतं, विम्ल जमिनीत रेंगाळतं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी ८ च्या पुढे असतो. मोडायचं काम मातीतले जिवाणू करतात आणि त्यांना ओल लागते. आपला पाऊस सप्टेंबरात पडतो, जुलै-ऑगस्टात पुष्कळदा ढग नुसते बघून जातात. फवारलं ते कोरड्या पडलेल्या मातीत पडून राहतं. पुड्यावरच्या मात्रा सगळ्या देशासाठी छापलेल्या असतात, सोलापूर जिल्ह्याची माती बघून कोणी छापत नाही.

पट्टे का पडले तेही यातूनच उलगडतं. पाठीवरच्या पंपानं मारताना एक फेरा दुसऱ्या फेऱ्यावर चढला की त्या पट्ट्यात दुप्पट पडतं. बांधाला वळताना नोझल चालू राहतं आणि टाकीतलं उरलेलं पाणी बहुधा तिथंच संपवलं जातं. म्हणून बांधाकडेचा घास सगळा गेला. रोग असता तर तो असा पंप धरून चालला नसता. पुन्हा रानात जाल तेव्हा बघा, पट्ट्यांची रुंदी मालकांच्या फवारणीच्या फेऱ्याशी जुळेल.

तरी एक शक्यता तपासून टाका, कारण आपल्या जमिनीत पिवळेपणाचं ते फार मोठं कारण आहे. चुनखडीत लोह पिकाला मिळत नाही, मग पान पिवळं पडतं. पण तो पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर येतो आणि शिरा हिरव्या राहतात. त्याला अर्धा टक्का हिराकशीची (फेरस सल्फेटची) फवारणी लागू पडते. तुमच्याकडे खालची पानं आधी जाताहेत, म्हणून मी लोह धरत नाही. पांढरा क्षार वर आलेला असेल तर तेही सांगायला हवं होतं. कालव्याच्या पाण्यावरच्या रानांत तो प्रकार पुष्कळ आहे. पण क्षार पट्ट्यापट्ट्यांनी येत नाही, सखल जागा धरून येतो.

माझं म्हणणं बरोबर आहे की नाही हे तुम्ही घरच्या घरी ठरवू शकता, आणि ठरवावंच. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून मिळते, सामू, क्षारता, स्फुरद, पालाश कळतं, ते करून घ्या. तणनाशक उरलंय का हे मात्र नेहमीच्या माती परीक्षणात कळत नाही. त्यासाठी कुंड्यांची परीक्षा करायची. मेलेल्या पट्ट्यांतून पाच-सहा ठिकाणची वरच्या वीतभर थरातली माती घेऊन एकत्र करा. विहिरीजवळच्या रानातली तशीच घ्या. तळाला भोकं पाडलेले जुने डबे चालतील, दोन या मातीचे, दोन त्या मातीचे. प्रत्येकात घासाच्या पंचवीस बिया जेमतेम मातीआड टाका, खत घालू नका, सगळ्यांना सारखं पाणी द्या. डबे ओसरीत ठेवू नका, उन्हात ठेवा. हे औषध उन्हातच काम करतं, सावलीत रोपं तशीही लुळी पडतात आणि काही कळत नाही. सगळ्यांत महत्त्वाचं, उगवलं की डबे उचलू नका. चांगली तीन-चार पानं येईपर्यंत, म्हणजे महिनाभर थांबा. आठव्या दिवशी दोन्ही डबे सारखेच हिरवे दिसतील आणि घरातलं कोणीतरी म्हणेल, बघ, मातीत काही नाही. बी संपलं असेल तर स्वयंपाकघरातली मोहरी टाका, तीही ॲट्राझिनला कच्ची आहे.

मग आता मोडून परत घास पेरायचा का? १२ गुंठ्यांत नको. मोडा, पण घास पेरू नका. डिसेंबरात पेरला तर जानेवारीत हेच पत्र परत लिहाल. आणि शेजारपाजारचे दोन सल्ले येतील त्यांना आधीच उत्तर देऊन ठेवते.

एक जण म्हणेल ओट पेरा, थंडीची वैरण आहे. थंडीची आहे खरी, पण ओट ॲट्राझिनला इतका नाजूक आहे की जमिनीत ते उरलंय का हे तपासायला ओटच पेरून बघतात. दुसरा म्हणेल, रानात भरपूर पाणी तुंबवा, विष धुऊन खाली जाईल. खाली जातं, खोटं नाही. पण खाली म्हणजे कुठे? ॲट्राझिन पाण्याबरोबर भूजलात उतरतं हा त्याचा जगभरचा दोष आहे, युरोपीय संघानं २००४ मध्ये त्याची परवानगी काढली ती याच कारणानं. तुमच्या रानाला लागून विहीर आहे आणि तिचं पाणी गोठ्यात जातं. तेव्हा पाणी पिकाच्या गरजेपुरतंच.

१२ गुंठ्यांत परत मका करा, आफ्रिकन टॉल हे वैरणीचं वाण. बी ९-१० किलो लागेल. मक्याला हे उरलेलं ॲट्राझिन बाधत नाही, आपल्या थंडीत तो सावकाश का होईना वाढतो आणि सत्तर-ऐंशी दिवसांत तुमच्या पाच जनावरांना वैरण देतो. तणनाशक यंदा अजिबात नको, दोन कोळपण्या आणि एक खुरपणी. मक्याला पेरणीआधी चांगलं कुजलेलं शेणखत देता आलं तर जरूर द्या. सेंद्रिय कर्ब वाढला आणि ओल टिकली की जिवाणू कामाला लागतात, आणि उरलेलं औषध मोडायला तेच लागतात. कडवळाचा, म्हणजे वैरणीच्या ज्वारीचा, विचार मनात असेल तर तो उन्हाळ्यावर ठेवा. थंडीत ते खुरटतं, आणि खुरटलेलं, फुलोऱ्याआधीचं कडवळ खाऊन जनावर दगावल्याची उदाहरणं आपल्या भागात नवी नाहीत.

आता मालकांचा युरिया. घास पिवळा दिसला की युरिया आठवतो, हे मका-उसात मुरलेल्या माणसाचं साहजिक आहे. पण घासाचं गणित वेगळं. त्याच्या मुळांवर गाठी येतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पकडून रोपाला देतात. जमिनीत तयार नत्र भरपूर मिळाला की रोप गाठी धरायचा कंटाळा करतं. मग तुम्ही दर कापणीला युरिया देत राहता, आणि घासाइतकाच तो हराळीला लागू पडतो. पेरणीला हेक्टरी १५-२० किलो नत्र पुरतो, तोही गाठी तयार होईपर्यंतच्या दिवसांसाठी. तुमच्या अर्ध्या पोत्याच्या डीएपीत साडेचार किलो नत्र होता. २० गुंठ्यांच्या हिशेबानं तो हेक्टरी २२ किलोंच्या आसपास जातो. म्हणजे खत कमी पडलेलं नाही, उलट नत्राचा वाटा पूर्ण झालाय. मालकांना हा आकडा दाखवा, भांडणाची गरज पडणार नाही.

घासाला खरी भूक स्फुरदाची असते. वर्षभर कापत राहायचं पीक, दर महिन्याला गाडीभर वैरण रानाबाहेर जाते, आणि स्फुरद तिच्याबरोबर जातो. आपल्या चुनखडीत दिलेला स्फुरदही चुन्याशी बांधला जातो. पुढच्या वेळी डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. त्यात १६ टक्के स्फुरद, शिवाय गंधक मिळतं, आणि नत्र नसल्यानं बियाजवळ अमोनियाची भीती नाही. पोती जास्त उचलावी लागतात, दुकानदार नाक मुरडतो, पण शेंगवर्गीय वैरणीला तेच खत.

विहिरीजवळचा घास इतका जोमात का, याचं आणखी एक कारण तुमच्याच पत्रात आहे आणि ते तुमच्या ध्यानात आलं नसेल. तिथं मेथी होती. मेथी आणि लसूणघास यांच्या मुळांवर एकाच गटातले रायझोबियम जिवाणू गाठी करतात. मेथीनं ते त्या मातीत आधीच वाढवून ठेवले होते. हरभरा, तूर, चवळी यांचे जिवाणू वेगळे, ते घासाला चालत नाहीत. म्हणून दुकानात नुसतं रायझोबियम मागू नका, लसूणघासाचं किंवा मेथीचं मागा आणि पाकिटावर पिकाचं नाव वाचून घ्या. १० किलो बियाला २५० ग्रॅमचं पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळतात, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरतात. बियाला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू नंतर. आणि जिवाणू लावलेलं बी रासायनिक खतात मिसळलं तर पाकिटाचे पैसे गेले.

गाठी आहेत का हे आत्ताच बघता येईल. हिरव्या भागातलं रोप उपटू नका, गाठी मातीतच राहतात. खुरप्यानं मातीसकट ढेकूळ काढा, बादलीत बुडवून माती सुटू द्या. मुळांवर ज्वारीच्या दाण्याहून बारीक गाठी दिसतील. एखादी नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती फुकट बसून खाणारी. गुलाबी दिसली की त्या ८ गुंठ्यांना नत्राचा दाणाही नको.

तणाबद्दल दुकानदाराचं बोलणं अर्धं खरं असल्यानं जास्त धोक्याचं आहे. सोयाबीनमधलं इमॅझेथापायर हे तणनाशक शेंगवर्गीय पिकं इतर पिकांपेक्षा बरी सोसतात हे बरोबर. पण सोसणं आणि काही न होणं यांत फरक आहे. कोवळा घास त्यानं काही दिवस खुंटतो. शिवाय सोयाबीन शंभर दिवसांनी कापायचं, त्यातून दाणा काढायचा. घास तुम्ही महिन्याच्या आत कापून दुभत्या गाईपुढे टाकणार. फवारणी आणि कापणी यांत किती दिवस सोडायचे हे ज्या माहितीपत्रकात तुमच्या पिकाच्या नावासमोर छापलेलं नाही, ते औषध वैरणीवर मारू नये, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. हे औषध जमिनीत मागे राहतं आणि ज्वारी त्याला कच्ची आहे. ज्या भागात प्रत्येक रानात आज ना उद्या शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरला जातो, तिथं हे लक्षात ठेवून वापरायचं रसायन आहे.

घासातल्या तणावर विळा हेच औषध. वर्षायू तण एकदा मुळाशी कापलं की पुष्कळसं पुन्हा उभं राहत नाही, घास मात्र राहतो. पहिली कापणी पेरणीपासून ५५-६० दिवसांनी येईल, पुढच्या दर २५-३० दिवसांनी. दोन-तीन कापण्यांत तण आपोआप मागे पडतं. तोवर एकदा खुरपून घ्या, ८ गुंठे दोन बायांचं काम आहे. हराळी आणि लव्हाळा मात्र कापून जात नाहीत, ते खणूनच काढावे लागतात.

एका तणाला मात्र सूट देऊ नका. पिवळ्या दोऱ्यासारखी अमरवेल दिसली तर त्याच दिवशी तेवढा घास अमरवेलीसकट, आजूबाजूच्या हातभर चांगल्या घासासकट कापून रानाबाहेर जाळा. तुकडा शिल्लक राहिला तरी वाढतो, आणि बी धरलं तर जमिनीत वर्षानुवर्षं राहतं. जनावरांना घातली तर बी शेणातून परत रानात येतं.

मार्चमध्ये मका निघाला की कुंड्यांची परीक्षा परत करा. आपल्या हिशेबानं तेव्हा ५०० ग्रॅममधले ३० ग्रॅमच्या आसपास उरलेले असतील, पण हिशेबापेक्षा कुंडीवर विश्वास ठेवा. रोपं महिनाभर धडधाकट राहिली तर उन्हाळ्यात मका आणि चवळी मिसळून करा, दोन ओळी मका, एक ओळ चवळी. गाईंना मक्यातून पोटभरती आणि चवळीतून प्रथिनं मिळतात, घास कमी पडला तरी दुधाला फार फटका बसत नाही. या मिश्र पिकात ॲट्राझिन चालणार नाही हे आता सांगायला नकोच. तणनाशक मारायचंच म्हटलं तर पेरणीनंतर लगेच, उगवण्याआधी, ओल्या मातीवर पेंडीमेथालिन ही दोन्ही पिकं सोसतात. त्याचं कारण बी किती खोल आहे यात आहे. हे औषध मातीच्या वरच्या थरात बसून राहतं आणि तिथं फुटणारं मूळ खुंटवतं. चवळी आणि मका दोन इंच खोल असतात, त्यांची मुळं त्या थराच्या खाली निघतात. घासाचं बी अर्ध्या इंचावर, म्हणजे नेमकं औषधात. म्हणून चवळीला चाललं ते घासाला चालेल असं कधी धरू नका, दोन्ही शेंगवर्गीय असली तरी.

नवा घास करायचा तो पुढच्या ऑक्टोबरात. त्याआधीच्या खरिपात त्या रानात ॲट्राझिन नाही, आणि उसाला मारतात ते मेट्रिब्युझिनही नाही. त्या पावसाळ्यात मेथी केलीत तर सोन्याहून पिवळं. पेरणीआधी एक पाणी देऊन तण उगवू द्या, आठ-दहा दिवसांनी वरवर कुळवून मारा, मग खोल न हलवता पेरा. फोकण्यापेक्षा फुटभर अंतरावर ओळीत पेरलात तर पहिले दोन महिने हातकोळपं चालेल आणि तणनाशकाची आठवणच येणार नाही. आर.एल.-८८ हे राहुरीच्या विद्यापीठाचं वाण तीन वर्षं टिकतं. विहिरीजवळचा घास जेव्हा केव्हा जुना होऊन विरळ होईल, तेव्हा त्याच वाफ्यात लगेच घास पेरू नका आणि विरळ जागी बी टाकून भरायचा प्रयत्नही करू नका. जुन्या घासाची मुळं-पानं मातीत अशी द्रव्यं सोडतात की त्यात घासाचंच नवं रोप खुंटतं. एखादं वर्ष मका किंवा ज्वारी घेऊन मग परत यावं.

आणि ज्या पंपानं तणनाशक मारता, त्यानं घासावर दुसरं काहीही मारू नका. जमलं तर पंपच वेगळा ठेवा, अंगावर रंगाची पट्टी ओढून. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं एवढं लिहीत जा: कोणतं रान, कोणतं औषध, किती, कोणत्या महिन्यात.

राहिला गाईंचा प्रश्न. मेलेल्या पट्ट्यांत वैरण म्हणावी असं काही उरलेलं नाही, ते कापत बसू नका, नांगरून टाका. एखादी पेंढी आधी घातली असेल तर घाबरू नका. मला जास्त काळजी हिरव्या भागाची आहे. दोन महिने घासाची वाट बघितलेली असते, पहिल्या कापणीला हात सैल सुटतो, आणि सकाळच्या दवातला कोवळा घास पोटभर खाऊन गाय फुगते. कापून दोन-चार तास सुकू द्या, आधी कडबा घाला, मग घास. सुरुवातीला गाईला दिवसाला चार-पाच किलोपासून, आणि आठवडाभरात वाढवत न्या. ८ गुंठ्यांत पाच जनावरांना पोटभर घास पुरणार नाही, तेव्हा ताज्या व्यालेलीला आधी, भाकडीला कडब्यावर ठेवलं तरी चालेल.